बिनदोऱ्याच्या कोंबड्या

कुठल्याही संकटाची आधी थोडीशी चव घेतली, की पुढे ते संकट आपलं काही वाकडं करू शकत नाही, या एका विचारावर सबंध आयुष्य उभारलेला माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे आमचे घरमालक काका. नांदगाव तालुक्यातल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नव्वदच्या दशकात प्राणिशास्त्र शिकायला नाशिकला आलो आणि मखमलाबाद रस्त्याला त्यांच्या मागच्या खोलीत राहू लागलो. काका जनावरांचे निवृत्त डॉक्टर. पहिल्याच संध्याकाळी, मी अजून ट्रंकही उघडली नव्हती, तोच ते दारात येऊन खेकसले, "नळ उघडा कुणी ठेवला?" नळ बंद होता. मी चाचरत तसं सांगितलं, तर समाधानाने म्हणाले, "ठाऊक आहे. हा पहिला डोस. खरोखर उघडा ठेवशील, तेव्हा माझं बोलणं तुला लागणार नाही." माझं नाव त्यांनी कधी विचारलं असेल असं वाटत नाही. मी शेवटपर्यंत त्यांचा 'नांदगाव'च राहिलो.

काकांचं सगळं घर या लहान डोसावर चालत असे. मागच्या अंगणात कोंबड्या पाळायच्या हे त्यांनी निवृत्तीच्या दिवशीच ठरवलं होतं म्हणे, पण काकूंना एकदम सांगितलं नाही. आधी एक पिल्लू आणलं आणि "रस्त्यावर सापडलं" म्हणाले. काकू दोन दिवस बोलल्या, मग थांबल्या. मग त्या पिल्लाला सोबत आणली. काकू एकच दिवस बोलल्या. असं करत करत मी राहायला आलो तोवर अंगण भरलं होतं आणि काकू त्यांना दाणे टाकत होत्या. "बघ नांदगाव, कशी प्रतिकारशक्ती तयार झाली," काका हळूच म्हणाले. आतून लगेच आवाज आला, "ऐकू येतंय मला!"

माझ्या तोंडी परीक्षेची भीती घालवायचंही त्यांनी मनावर घेतलं. रोज चहाच्या वेळी एक प्रश्न. मला उत्तर येत असे, पण सांगताना मी अडखळत असे. एकदा त्यांनी विचारलं, "परजीवी म्हणजे काय?"

"जो दुसऱ्याच्या घरात राहतो... आणि दुसऱ्याचंच खातो," मी कसंबसं म्हणालो.

"म्हणजे तूच की!" काका म्हणाले आणि स्वतःच इतके हसले की चहा बशीबाहेर गेला. काकूंनी माझ्या बशीत आणखी एक खारी ठेवली.

पण या सगळ्या गमतीच्या मुळाशी एक खरी तळमळ होती, हे मला हळूहळू कळलं. कोंबड्यांना रक्ती हगवण नावाचा रोग होतो. आतड्यात शिरलेला एक डोळ्यांना न दिसणारा परजीवी तो घडवतो आणि एकदा शेडमध्ये आला की पिल्लांचा सडा पडतो. काकांनी नोकरीभर तो पाहिला होता. त्यांचं म्हणणं असं, की याच परजीवीचा अगदी थोडा अंश पिल्लाला आधी पाजला, तर शरीर त्याला ओळखून ठेवतं आणि पुढे मोठा हल्ला आला तरी तग धरतं. "हिवतापाचा जंतू याचाच चुलतभाऊ," ते म्हणत. "पण तो बहुरूपी आहे. आज एक सोंग, उद्या दुसरं. शरीराने ओळखायचं कुणाला? म्हणून त्याची लस सापडता सापडत नाही. आमचा हा त्या मानाने साधा गडी." काकूंचे भाऊ निफाडकडे कोंबड्यांची मोठी शेड चालवत. "दाजी, आधी तुमच्या अंगणात करून दाखवा. पटलं तर माझी सगळी शेड तुमची," असं त्यांनी कबूल केलं होतं. काका या एका संधीसाठी जगत होते, म्हटलं तरी चालेल.

प्रयोगाची आखणी सोपी होती. निम्म्या कोंबड्यांना डोस द्यायचा, निम्म्यांना नाही. मग सगळ्यांना त्याच परजीवीची मोठी मात्रा पाजायची आणि काय होतं ते भावासमोर पाहायचं. डोस दिलेल्या ओळखू याव्यात म्हणून खूण हवी होती. काकांनी देवघरातला, काकूंच्या नाडापुडीतला लाल दोरा घेतला. सकाळी आंघोळ करून अंगणात बसले आणि एकेका कोंबडीच्या चोचीत थेंब सोडून, पुटपुटत मोजत, पायाला दोरा बांधत गेले. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. सगळ्या संसारात देवापुढे हात न जोडलेला नवरा कोंबडीला तीर्थ देतो आहे, मंत्र म्हणतो आहे, देवीच्या नावाने दोरा बांधतो आहे! त्यांचे डोळे भरून आले. पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत, कारण नवस बोलून दाखवायचा नसतो आणि दुसऱ्याचा विचारायचाही नसतो. काकाही बोलले नाहीत, कारण काकूंना त्यांनी कुठलीच गोष्ट एकदम सांगितली नव्हती.

मोठी मात्रा द्यायच्या आदल्या दिवशी भाऊ मुक्कामाला आले. काका आणि मी भिंग आणायला कॉलेजात गेलो होतो. परतलो तर घरभर मसाल्याचा घमघमाट आणि भाऊ पाटावर बसून रस्सा भुरकत होते.

"या दाजी! लय झकास झालंय."

काका अंगणात गेले आणि तसेच परत आले. "बिनदोऱ्याच्या कुठंयत?"

"सगळ्या शिजवल्या, शेजारीपाजारीही वाटल्या," काकू हौसेने म्हणाल्या. "भाऊ काय रोज येतो? अन् देवीच्या कोंबड्यांना मी बोटसुद्धा लावलं नाही हो!"

"कुठल्या देवीच्या?" काका पाटावर बसलेच. "अगं, तू माझा पुरावा शिजवलास!"

भावांनी हातातलं हाडूक ताटात ठेवलं. मग थोडा विचार करून पुन्हा उचललं.

उरलेल्या लाल दोऱ्याच्या कोंबड्यांना काकांनी दुसऱ्या दिवशी मोठी मात्रा दिलीच. आठवडा गेला. एकीनेही पिसं फुलवली नाहीत, एकही मलूल झाली नाही. भाऊ पुन्हा आले, अंगणात फिरले आणि त्यांनी हात जोडले. "देवीनं राखल्या. दाजी, चला माझ्या शेडवर. सगळ्या पिल्लांना दोरा बांधू. तुमचं ते तीर्थ पण पाजा."

मी काकांच्या कानाशी लागलो, "काका, हो म्हणा ना. डोस तर पोटात जाईलच."

काकांनी वाकून एका कोंबडीच्या पायातला सैल दोरा नीट बांधला. मग म्हणाले, "निम्म्यांना दोरा नाही बांधायचा. डोसही नाही."

"अन् त्या निम्म्या मेल्या म्हंजे?"

"म्हणजे कळेल."

"तुम्हाला कळंल हो दाजी, पिल्लं माझी मरतील ना!"

"तुझंही बरोबर आहे," काका म्हणाले. भाऊ गेल्यावर मला म्हणाले, "ती मात्रा मीच तयार केली होती. कमी पडली असेल, तर कोंबड्या तशाही जगल्या असत्या. देवीने राखल्या, हे तुझ्या काकूचं म्हणणं खोटं ठरवायला माझ्याकडे काही नाही. आणि खात्री नसताना एवढ्या पिल्लांच्या तोंडात मी जिवंत रोग कसा घालू?" त्यानंतर शेडचा विषय त्यांनी काढला नाही. माझी तोंडी परीक्षा मात्र बरी गेली.

मी पुढे एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागलो. बऱ्याच वर्षांनी एका दिवाळीत भेटायला गेलो, तेव्हा काका थकले होते. बोलता बोलता भावांचा फोन आला. औषधाच्या दुकानातूनच, मोबाइलवरून. ते इतक्या मोठ्याने बोलत की मलाही ऐकू येत होतं. "दाजी, रक्ती हगवणीची लस आलीय इथं. कंपनीचा माणूस हाय. थोडा रोग आधी पाजायचा म्हणतो. अगदी तुमच्यासारखंच बोलतो! घेऊ का?"

"त्याला फोन दे," काका म्हणाले आणि खुर्चीत ताठ बसले. बिनलशीच्या कोंबड्या शेजारी ठेवून पाहिल्या का, किती दिवस पाहिल्या, परजीवीच्या कुठकुठल्या जाती लशीत घेतल्या, ते एकामागून एक विचारत गेले. पलीकडचा तरुण मुलगा उत्तरं देत होता आणि प्रत्येक उत्तरावर काकांचा चेहरा उजळत होता. मला कुठेही हेवा दिसला नाही. शेवटी ते म्हणाले, "छान काम केलंत. अगदी छान. घेईल तो."

त्या मुलालाही नवल वाटलं असावं. "सर, एवढं कुणी विचारत नाही," तो म्हणाला. "आपण कोण?"

काकांनी क्षणभर अंगणाकडे पाहिलं.

"मी? मी याचा दाजी."