सस्त्या टॅबचा ऐब

चाचा दुकानात बसून टॅब विकत नसत. एखाद्यानं गाडीत नकाशा लावायला म्हणून छोटा टॅब मागितला की ते किंमत सांगायच्या आधी विचारत, "गाडी लाये क्या?" हो म्हटलं की शटर अर्ध्यावर ओढायचे, काखेत एक फळी मारायचे आणि आपल्या आधी आपल्याच गाडीत जाऊन बसायचे. जालन्याच्या मस्तगडातले शेजारचे दुकानदार म्हणत, चाचांच्या दुकानात चोरी करायची असेल तर फक्त एक टॅबचं गिऱ्हाईक पाठवून द्यावं. चाचांचं म्हणणं सरळ होतं. "दुकान में तो हर टॅब शरीफ रहता. उसकू रस्ते पे लाव, फिर उसका खानदान मालूम होता."

फळी म्हणजे हातभर लांबीचं साधं लाकूड. त्यावर सायकलच्या ट्यूबचे तीन पट्टे ठोकलेले, आणि प्रत्येक पट्ट्यात एक टॅब अडकवलेला. ती गाडीच्या पुढच्या काचेखाली ठेवायची आणि अंबड रोडला लागायचं. तिन्ही टॅब स्वस्तातले, तिन्हींवर एकच ठिकाण लावलेलं. उन्हात एकाचा पडदा दिसेनासा होई, तर दुसऱ्याचा आवाज इंजिनापुढे ऐकूच येत नसे. तिसरा वळण मागे पडल्यावर निवांतपणे "उजवीकडे वळा" म्हणे. चाचा मागच्या सीटवरून पुढे वाकून लग्नातल्या मध्यस्थासारखी ओळख करून देत, "ये अंधा. ये गूंगा. और ये आलसी है, पर दिल का अच्छा."

पूर्वी ते घड्याळं दुरुस्त करत. घड्याळं हातावरून गेली तसे मोबाइलकडे वळले, पण भिंग काही सुटलं नाही. नवा कोरा टॅबसुद्धा आधी भिंगातून बघत. काय बघत ते देव जाणे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कुछ नई. गिऱ्हाईक को डर लगना चाहिए."

मी घनसावंगीकडचा माणूस. हमाली करत जालन्यात आलो, आज माझ्या तीन पिकअप आहेत, आणि तिन्ही मी विकणाऱ्याच्या तोंडाला फेस आणून घेतल्या आहेत. सांगितलेल्या किमतीला वस्तू घेतली तर मला रात्री अन्न पचत नाही. चाचांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी सांगितलेल्या किमतीच्या निम्मी किंमत बोललो. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. चहा मागवला. मी थोडी वाढवली, त्यांनी चहा पुढे सरकवला. मी उठून दारापर्यंत गेलो. हा डाव माझा कधी चुकत नाही, दुकानदार हाक मारतोच. चाचांनीही मारली. म्हणाले, "शेठ, चाय ठंडी हो रही." किंमत तीच.

ते मला शेठ म्हणत, पण अशा आवाजात की आपण आपल्या चपलांकडे बघावं.

मला टॅबची गरज होती, आणि गरज दाखवायची नव्हती. माझ्या गाड्या एका नर्सरीची मोसंबीची कलमं शेतकऱ्यांकडे पोचवतात. माझं पोट त्या एका कामावर चालतं. नर्सरीच्या मालकीणबाई, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, वेळेच्या बाबतीत फार कडक. कलमं लावायला मजूर बाया सकाळी शेतात येऊन बसतात, गाडी उशिरा गेली की त्यांचा दिवस जातो आणि कलमं उन्हात माना टाकतात. माझ्या ड्रायव्हरांना डांबरी रस्ता पाठ होता, पण गावाबाहेरच्या पाणंदीत शिरले की ते हरवत. दोन खेपा उशिरा गेल्या तेव्हा ताईंनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, "तिसरी खेप उशिरा गेली तर काम दुसऱ्याला देईन. भांडायला येऊ नका."

तरीही मी चाचांशी किमतीवर अडून बसलो. त्यांनी मला फळीवरचे तिन्ही टॅब दाखवले आणि म्हणाले, "सस्ते टॅब में एक ऐब रहताच, शेठ. बिनाऐब का चाहिए तो महंगा लेव. नई तो ये बोलो, कौनसा ऐब तुमसे निभता?"

मी म्हणालो, "मला ऐबही नको आणि महागही नको."

"ऐसा तो दामाद भी नई मिलता," चाचा म्हणाले.

मी तणतणत निघालो. आठवड्यानं कामासाठी परगावी गेलो होतो, तिथं एका दुकानात त्याच मापाचा, चकाकत्या पाठीचा टॅब चाचांच्या किमतीपेक्षा बराच खाली मिळाला. मी अडाणी नाही. दुकानातच नकाशा उघडून पाहिला. निळा ठिपका बरोब्बर त्या दुकानावर उभा होता. मी आणखी थोडी घासाघीस केली आणि जालन्याला आल्यावर घरी न जाता आधी मस्तगड गाठलं. टॅब चाचांच्या समोर ठेवला आणि किंमत सांगितली.

चाचांनी तो उलटा केला, डबा पाहिला, भिंग लावलं. म्हणाले, "मुबारक." मग विचारलं, "गाडी में बैठ के देखे क्या?"

"तुमची ती फळीची नाटकं माझ्यासमोर नकोत," मी म्हणालो. चाचांनी चहा मागवला. त्यांना तेव्हाच सगळं कळलं होतं, आणि तरी ते गप्प बसले, ही माझी त्यांच्याविरुद्धची पहिली तक्रार.

तिसरी खेप जांब समर्थच्या पलीकडच्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर होती. दहाच्या आत पोचायचं होतं. मी स्वतः किसन ड्रायव्हरच्या शेजारी बसलो. किसनला गाडी चालवताना बायकोशी बोलायची सवय, म्हणून माझा नियम होता की गाडी चालू असताना फोन खिशातच राहील. टॅबमध्ये सिम नव्हतं, त्याला किसनच्या खिशातल्या फोनचं नेट जोडलं होतं. माझ्याकडे बटणांचा साधा फोन. भांडायला तोच बरा पडतो.

अंबड गेलं, तरी निळा ठिपका नर्सरीच्या फाटकात उभा.

"शेठ, ह्यो हालूनच न्हाई राह्यला," किसन म्हणाला.

"हालेल. तू समोर बघ."

घनसावंगी मागे पडलं, माझ्या ओळखीचा मुलूख संपला, तेव्हा ठिपका हलला. त्यानं एकदम उडी मारली ती थेट गोदावरीच्या पात्रात. किसन म्हणाला, "आपून बुडलो, शेठ." मी त्याला गप्प केलं. जांबच्या मंदिराजवळ एका भाविकाला आखाड्याचा पत्ता विचारला. तो परभणीचा निघाला. दुसऱ्यानं हात लांब करून "हे काय, जवळच" म्हणून सांगितलं. त्या जवळच्या रस्त्यावर आम्ही दोनदा एकाच हातपंपाला वळसा घालून आलो. दहा वाजायला आले होते. मागं कलमं तापत होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे माझ्या तीन गाड्या रिकाम्या उभ्या दिसत होत्या.

मी चाचांना फोन लावला आणि ओरडलो, "तुम्हाला माहीत होतं! हा टॅब जागचा हलत नाही!"

"मालूम था," चाचा शांतपणे म्हणाले. "उसमें जीपीएसच नई है. दुकान के वायफाय पे जगह बताता, बाहर आया के अंधा. मैं बोला था, गाडी में बैठ के देखो."

"माझं ताईंचं काम चाललं, चाचा!"

"गुस्सा बाद में. टॅब में सिम नई, तो नेट किसके जेब से आ रहा?"

मी किसनकडे पाहिलं. किसननं खिशातून फोन काढला, नकाशा उघडला. ठिपका आमच्या गाडीखाली होता. आखाडा दोन वळणांवर होता.

"तुझ्या फोनमध्ये हे होतं तर बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"तुमी बोलू देऊन राह्यले का? म्या तोंड उघडलं की तुमी म्हन्ता समोर बघ. मंग समोर बघून राह्यलो."

पोचलो तेव्हा दहा वाजून बराच वेळ झाला होता. बाया झाडाखाली बसल्या होत्या, आणि शेतकऱ्यानं ताईंना आधीच फोन केला होता. मी काम गेल्याची खात्री धरून उभा राहिलो. इतक्यात ताईंचाच फोन आला. "मस्तगडच्या चाचांचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "त्यांनीच खराब टॅब दिला म्हणे तुम्हाला. तसं होतं तर आधी सांगायचं ना. कलमं नीट उतरवून घ्या." चाचा त्यांच्या ओळखीचे, नर्सरीचे फोन तेच दुरुस्त करत.

मी "हो ताई" म्हणालो. टॅब चाचांचा नव्हता, हे बोललो नाही. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी फळीवरचा आलसी टॅब घ्यायला गेलो. चाचांनी ताईंचा विषय काढला नाही, मीही नाही. किंमत विचारली. तीच होती. मी तोंड उघडलं, त्यांनी भिंगातून माझ्याकडे पाहिलं, मी तोंड मिटलं. सांगितलेल्या किमतीला घेतलेली ती माझ्या आयुष्यातली पहिली वस्तू. टॅब खरोखर आलसी होता, वळण उशिरा सांगायचा. पण किसन म्हणाला ते बरोबर होतं, "ह्याचं आपल्याला जमतंय शेठ, ह्यो निदान बोलतो तरी." पुढं बाकीच्या दोन गाड्यांनाही तिथूनच टॅब घेतले, आणि दर वेळी भांडलो. एक रुपया सुटला नाही, चहा मात्र दर वेळी आला.

मागच्या हिवाळ्यात चाचांनी दुकान आवरलं. हात थरथरू लागला होता, त्या हातानं बारीक स्क्रू बसेनात. मुलगी नांदेडला असते, ती घेऊन गेली. मी निरोपाला गेलो तेव्हा ते फळीवरचे ट्यूबचे पट्टे काढत होते. मी म्हणालो, "फळी मला द्या." ते म्हणाले, "नक्को. तुम इसका भी भाव करोगे."

त्यानंतर काही महिन्यांनी नर्सरीत कलमं भरताना ताई सहज बोलून गेल्या. "आमच्या पाच मुकादमांना टॅब घ्यायचे होते, त्या चाचांकडूनच घेणार होते. पण तुमच्या त्या उशिराच्या खेपेच्या दिवशी त्यांनी स्वतःच आपला माल खराब निघाल्याचं सांगितलं, मग रद्द केलं. बरं झालं, तुमच्यामुळे वाचले."

माझ्या हातात कलमाचं क्रेट होतं. ते खाली ठेवलं. म्हणालो, "ताई, तो टॅब चाचांचा नव्हता. मी दुसरीकडून स्वस्तात आणला होता."

ताईंनी कलमं मोजायचं थांबवलं. "आणि इतके दिवस गप्प होतात?"

"हो."

त्यांनी काम काढून घेतलं नाही. पण तेव्हापासून माझी गाडी निघायच्या आधी त्या स्वतः येऊन बघतात. पूर्वी बघत नसत.

फाटकाबाहेर येऊन मी नांदेडला फोन लावला. "कौन, शेठ?" त्याच आवाजात.

"पाच टॅबचं गिऱ्हाईक गेलं तुमचं माझ्यापायी," मी ओरडलो. "सांगितलं का नाही?"

"पाँच टॅब गये, तुम्हारी तीन गाडियाँ रही. मेरे को सौदा सस्ता पडा."

"मला विचारायचं तरी होतं!"

"तुमको पूछता तो तुम पाँच के दो करते," चाचा म्हणाले, आणि हसत राहिले, इतके की पलीकडून त्यांच्या मुलीनं "अब्बा, पानी पिओ" म्हटलेलं मला ऐकू आलं.

मी फोन बंद केला आणि किसनवर उगाच ओरडलो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा माझ्यावरच झाला, आणि त्यात मला तोंडसुद्धा उघडू दिलं नाही. हा राग मी सोडलेला नाही, आणि सोडणारही नाही.