लवकर आलेली बाई

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, पार्सिपनीत नवे होतो. नवऱ्याच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन कंपनीने केलं होतं, माझं आमचं आम्हाला करायचं होतं. मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती आणि नवऱ्याला मीटिंग होती, म्हणून मी एकटीच बस बदलत इमिग्रेशन ऑफिसात गेले.

तिथे बाकावर माझ्या शेजारी माझ्याच वयाची एक मराठी बाई चपला काढून, पाय वर घेऊन डब्यातला चिवडा खात होती.

"तुमची मुदत कधी संपते?" मी विचारलं.

"ते यांना माहीत," असं म्हणत तिने माझ्या हातावर चिवडा ठेवला.

"आपली तारीख आपल्याला ठाऊक असावी हो."

तेवढ्यात तिचा नवरा खिडकीवरून परतला. "अजून बरेच महिने आहेत. इतक्या आधी अर्ज घेत नाहीत म्हणे." मग माझ्याकडे पाहून ओशाळला. "हिला झोप लागेना, परत पाठवतील म्हणून. म्हटलं, करूनच टाकू."

त्याने वाकून तिच्या चपला पायापाशी सरकवल्या. तारीख ठाऊक नसलेल्या त्या बाईचा मला इतका हेवा वाटला, की चिवडा हातात तसाच राहिला.

माझा अर्ज घेतला गेला. संध्याकाळी टीव्हीवरची नजर न काढता नवरा म्हणाला, "झालं ना? तू गेलीस म्हणजे होणारच."

पुढे कितीतरी नव्या मुलींना मी समजावलं, की मुदतीच्या आत जा, पण फार आधी नको. एवढं सांगून झालं की प्रत्येकीला विचारते, "बरोबर कोण येणार आहे?"