अमावस्येला निघालो: अंधेरी ते बोरीवली, बेटाबेटांवरून

माझी बायको नलिनी मुलुंडच्या मुलींच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवायची. अठरा वर्षं ती फळ्यावर ज्वालामुखी काढत होती. डोंगर, मधोमध नळी, वर लाल खडूने आग. एके दिवशी नववी 'क'मधल्या एका मुलीने विचारलं, बाई, तुम्ही खरा पाहिलाय का? नलिनीने सांगितलं की पेटता पाहिला नाही, पण विझलेल्याच्या लाव्हावर मी आत्ता उभी आहे आणि तूही बसली आहेस. वर्ग हसला. ती हसली नाही. तुम्हाला दाखवतेच, सहल तिकडेच नेते, असा शब्द देऊन मोकळी झाली. परवानगी वगैरे नंतर.

ही ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यातली गोष्ट. नववी 'क' म्हणजे नववीची सगळ्यात मागची तुकडी. बऱ्याच जणींचे वडील गिरणीतले, संपानंतर कुणी रिक्षा चालवत होतं, कुणी वॉचमन झालं होतं. दहावीनंतर यांतल्या निम्म्या शिकणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची सहल दरवर्षी राणीच्या बागेत जायची.

आता बेटांबद्दल. अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर ही आपली सगळी उपनगरं मुळात एका बेटावर आहेत, साष्टी त्याचं नाव. त्याच्या पश्चिमेला मढ, मनोरी, गोराई असे जमिनीचे तुकडे. काही भराव घालून जोडलेले, काही चिखलाने, काहींना अजून होडीच लागते. आणि खाली सगळा थिजलेला लाव्हा. नलिनीने शाळेच्या जुन्या नकाशाच्या पाठीवर रस्ता आखला: अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, वर्सोव्याहून होडीने मढ, तिथून मार्वे, होडीने मनोरी, घोडागाडीने गोराई आणि शेवटची होडी बोरीवलीला. तीन होड्या, एक दिवस.

मोठ्या बाईंनी, म्हणजे हेडमिस्ट्रेसनी, नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि अट घातली. आधी तुम्ही नवराबायकोने हाच रस्ता याच वेळांनी करून या. साडेसातच्या आत मुलुंडला पोचलात तर तसं सहीनिशी लिहून द्या, मी मंजुरी देते. नाही पोचलात तर राणीची बाग.

मी सातवी शिकलेला माणूस. साकीनाक्याला माझं डिझेल इंजिनं आणि पंप दुरुस्तीचं वर्कशॉप, हाताने उभं केलेलं. मला भूगोल येत नाही पण आखणी येते. म्हटलं दिवस मी ठरवतो. आमच्या पट्ट्यात सुट्टी शुक्रवारी, रविवारी काम चालू. पण माझे दोन्ही कारागीर अमावस्येला मशीनला हात लावत नसत. पुढची अमावस्या नेमकी रविवारी येत होती. शाळा बंद, वर्कशॉपही बंद. याहून सोयीचा दिवस मिळणार नव्हता.

शेजारच्या खोलीत माझी वहिनी राहायची. तिने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. अमावस्येला कुणी समुद्रावर जातं का, असं तिचं म्हणणं. मी तिला सांगितलं की वहिनी, समुद्राला पंचांग कळत नाही. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

मुलुंडच्या घरून पहाटेच्या पहिल्या बसने पवईवरून अंधेरीला गेलो. गिल्बर्ट टेकडीपर्यंत स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटं. मी त्या भागातून शंभरदा गेलो असेन, मान वर केली नव्हती. काळ्या दगडाचे सरळ उभे खांब, एकाला एक चिकटलेले, कुणी लोखंडी सळ्यांची मोळी उभी करून ठेवावी तसे. वर गावदेवीचं देऊळ, जायला पायऱ्या. नलिनी खांबाला हात लावून म्हणाली, हे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालं. मी विचारलं, मुली किती वेळ थांबतील इथे? ती म्हणाली चाळीस मिनिटं, आणि वहीत लिहिलं.

वर्सोव्याला सव्वाआठला पोचलो. खाडी एवढीशी आहे की पलीकडच्या माणसाचा शर्ट ओळखू येतो. होडीला आठ आणे. पाणी चढत होतं, होडी धक्क्याला अगदी लागून. आमच्याशेजारी दोन कोळणी रिकाम्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. त्यांतली एक लेकीच्या नवऱ्याबद्दल तक्रार करत होती. दुसरीने विचारलं, काय वाईट हाय त्याच्यात? पहिली म्हणाली, "जावय कसला तो, बोंबलाचा काटा काढीत बसतंय." अख्खी होडी हसली, नलिनीसुद्धा. बोंबलाचा काटा मऊ, तो काढायचा नसतोच; ती घाटावरची, आमच्या लग्नानंतरचं पहिलं वर्ष तिनेही तेच केलं होतं.

मढला उतरलात की किल्ल्याच्या नादी लागू नका, आत सोडत नाहीत. त्यापेक्षा किनाऱ्याने चालत जा. तिथे चहा आणि गरम पाव मिळतो, मुलींच्या न्याहारीला पुरेल. मग मालाडची बस धरून मार्वेच्या फाट्याला उतरायचं. रविवारी ही बस पाऊण तास आली नाही, तेवढी सवड धरून ठेवा.

मार्व्याला बाराच्या सुमारास आलो तेव्हा खाडी काठोकाठ होती. असं भरलेलं पाणी मी कमी पाहिलंय. धक्क्याच्या वरच्या पायरीवरून सरळ होडीत पाय. इंजिनाचा आवाज ऐकून मी होडीच्या नाखव्याला म्हटलं की तुमचा एक नोझल डिझेलचे थेंब टाकतोय. त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं, आणि पलीकडे पोचल्यावर आमचे पैसे घेईना. नलिनीने वहीत लिहिलं: होडी उत्तम, चढउतार सोपी, मुलींना धोका नाही. आखलेल्या वेळेच्या आम्ही वीस मिनिटं पुढे होतो. ती इतकी खुशीत होती की मला नवरेपणाचा पुरस्कार मिळाल्यासारखं वाटत होतं.

मनोरीत जेवणाची सोय एका घरी झाली. फिलूमावशी म्हणून बाई, ओसरीवर चार पानं वाढायच्या. तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण, वर सोलकढी. मुली येणार म्हटल्यावर त्यांनी आधी विचारलं शाकाहारी किती. नलिनीने ते आकडेही लिहिले. निघताना मावशींनी माझ्याकडे बघून सांगितलं, "आज अवस हाय. गोराईला लवकर जावा."

मी मनात म्हटलं, ही पण वहिनीच. हसून मान डोलावली आणि घाई केली नाही.

घाई न करायला कारणही होतं. जेवणानंतर पाणी मागे सरकायला लागलं आणि किनाऱ्यावरचे खडक उघडे पडले. अंधेरीचा दगड काळा होता, हा फिकट, पांढुरका, मध्येच गुलाबी झाक. नलिनी चप्पल काढून त्यावर गेली. तिने आयुष्यभर शिकवलं होतं की लाव्हा एकाच जातीचा नसतो, आज हाताला लागला. मी तिला दीड तास तिथून हलवू शकलो नाही, आणि खरं सांगायचं तर हलवावंसं वाटलं नाही. पाणी मागे मागे जात होतं. आम्हाला ते सोयीचंच वाटलं, जितकं मागे तितके जास्त दगड.

घोडागाडीवाल्याने गोराईला धक्क्यावर सोडलं तेव्हा साडेपाच वाजले होते. मी खाली उतरलो आणि खाडी शोधायला लागलो.

खाडी नव्हती. धक्क्याच्या शेवटच्या पायरीपासून पुढे नुसता करडा चिखल, चकचकीत, आणि खूप लांब मध्यावर पाण्याचा एक ओहोळ. त्या ओहोळात होडी. गावातल्या बायका साड्या वर खोचून, डोक्यावर पाट्या घेऊन चिखलातून होडीकडे चालल्या होत्या. धक्क्यावर एक म्हातारा नाखवा बिडी ओढत बसला होता. मी विचारलं, होडी इथे कधी लागेल? तो म्हणाला आठाच्या पुढे, पाणी आल्यावर. मी म्हटलं एवढं पाणी गेलं कुठे? तेव्हा त्याने मला तिथी विचारली.

"अमावस्या," मी म्हटलं.

"मग? अवसेला नि पुनवेला दुपारी बाराला भरती, सांजला सहाला सुकती. नि ही सुकती सगल्यात खाली. तिथीची पाऊणपट कर, भरतीची येल मिलते. शाळा शिकलाव ना?"

सुकती म्हणजे ओहोटी. मी नलिनीकडे बघितलं. ती चिखलाकडे बघत पुटपुटत होती, सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत. अठरा वर्षं तिने हे वाक्य वर्गात म्हटलं होतं. अमावस्येला उधाण येतं हे तिला पाठ होतं. उधाण जेवढं वर चढतं तेवढंच खालीही जातं, हे तिने शिकवलंही होतं. दुपारी मार्व्याचं पाणी बघून आम्ही दोघं खूश झालो होतो, त्याच पाण्याची ही संध्याकाळ.

मी म्हटलं थांबू या आठपर्यंत. ती म्हणाली, "नाही. मुलींना हे जमेल का ते मला आत्ता बघायचंय." साडी खोचली, चपला हातात घेतल्या आणि उतरली. मी मागोमाग.

पहिल्या वीस पावलांत घोटे, मग पोटऱ्या, मग गुडघे. पाय काढताना चिखल ओढून धरतो आणि सोडताना घाणेरडा आवाज करतो. पुढची एक कोळीण मागे वळून सांगत होती, थांबू नका बाय, थांबलाव की रुताल. अर्ध्यावर नलिनी थांबलीच. मला वाटलं दमली. ती मागे धक्क्याकडे आणि पुढे होडीकडे अंतर मोजत होती. वर्गातल्या त्रेचाळीस मुली तिथे उभ्या आहेत असं ती बघत असणार.

"नाही जमणार," ती म्हणाली. मग तिचा एक पाय निघेना. त्या कोळणीने पाटी न उतरवता एका हाताने तिला उपसून काढलं. एक चप्पल तिथेच राहिली.

पलीकडे बोरीवलीच्या बाजूलाही हाच प्रकार. दोन बस बदलून, पवईवरून, वाळलेल्या चिखलाच्या पायांनी घरी पोचलो तेव्हा नऊ चाळीस झाले होते. वहिनीने दार उघडलं, पाय बघितले आणि पाणी तापवायला ठेवलं. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी नलिनी दोन फुलस्केप कागद घेऊन बसली. मी तिला म्हटलं, हे बघ, चूक आपल्या दिवसाची, रस्त्याची नाही. नीट दिवस धरला असता तर सात वाजता घरात असतो. सात लिही. मुलींना न्यायच्या दिवशी तिथी बघून नेऊ, कुणाला काही कळणार नाही. मी धंद्यातला माणूस, मला यात खोटं काहीच दिसत नव्हतं.

तिने लिहिलं, परतीची वेळ रात्री नऊ चाळीस. गुडघाभर चिखल लिहिला. आपण स्वतः भूगोलाच्या शिक्षिका असून ओहोटीचा विचार केला नाही, हेही लिहिलं. मग खाली नाखव्याचं गणित मांडलं: सप्तमी, सात पाऊणे सव्वापाच, म्हणजे सव्वापाचला गोराईच्या खाडीत भरती. सप्तमीला पाणी फार वरही जात नाही, फार खालीही नाही, म्हणून दुपारी मार्व्यालाही होडी मिळेल. पुढच्या महिन्यातली सप्तमी तिने पंचांगात शोधून काढली होती. खाली सही. माझी सही मागितली तेव्हा मी केली, पण राणीची बाग नक्की झाली असं धरूनच.

मोठ्या बाईंशी झालेलं बोलणं तिने मला घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "तुम्ही सात वाजता पोचलो असं लिहिलं असतं तर मला काय कळणार होतं?"

नलिनी म्हणाली, "तुम्हाला नसतं कळलं. मुलींना कळलं असतं. गोराईच्या चिखलात."

बाईंनी पेन काढलं. मंजूर, आणि पुढे एक ओळ: मी स्वतः बरोबर येईन.

सप्तमीच्या दिवशी मला नेलं नाही, पुरुषमाणसाचं काम नव्हतं. शाळेची भाड्याची बस घेऊन मी बोरीवलीच्या धक्क्यावर साडेचारपासून उभा. पाणी एकेक पायरी गिळत वर येत होतं आणि मी घड्याळ बघत होतो. सव्वापाचला तीन मिनिटं कमी असताना होडी दिसायच्या आधी ऐकू आली. इंजिन नाही, मुली. मोठ्या बाई पुढे बसलेल्या, पदर डोक्याला घट्ट बांधून, आणि मांडीवर रुमालात दगड. नलिनी शेवटी उतरली. माझ्याकडे बघितलं नाही. ओठ हलवत एकेक डोकं मोजलं, त्रेचाळीस झाल्यावर होडीवाल्याला मान डोलावली आणि मग मला विचारलं, चहा मिळेल का इथे.

सातला पाच कमी असताना बस शाळेच्या फाटकाशी लागली.

तुम्हाला जायचं असेल तर आधी तिथी बघा, पाऊणपट करा, अमावस्या-पौर्णिमेची संध्याकाळ गोराईला गाठू नका, आणि मनोरीत कुणी लवकर निघा म्हटलं तर निघा. बाकी रस्ता सोपा आहे.

त्या दोन फेऱ्यांतून नलिनीकडे दगड राहिले, ते तिचे. माझ्याकडे बाईंनी मंजुरी लिहून परत दिलेले ते दोन फुलस्केप राहिले. वर्कशॉपात पंप आला की मी ठोकून सांगायचो, परवा घेऊन जा. काम आठ दिवसांचं असलं तरी परवा. सगळेच सांगतात. त्या हिवाळ्यानंतर मी खरा दिवस सांगायला लागलो. दोन जुनी गिऱ्हाइकं चिडून समोरच्या गाळ्यात गेली. एक महिन्याभरात परत आलं. दुसरं नाही आलं. समोरचा त्याला कितीतरी दिवस परवाच सांगत होता.