लव्हाळ्याचा देव

वळसंगच्या गंगम्माला लव्हाळ्याची काळजी लागली, तेव्हा गाव हसलं. हसणारच. शेतकऱ्याचा निम्मा जन्म रानातला लव्हाळा खणण्यात जातो आणि तरी तो मेला उगवतोच. त्याला वाचवायचं म्हणजे ढेकणांसाठी बाज विणण्यासारखं.

पण गंगम्माचा लव्हाळा वेगळा होता. ओढ्याकाठी करंजांची दाट राई होती. तिच्या सावलीत, पाणथळीत तो वाढायचा. कमरेएवढा उंच, मऊ, वळवाल तसा वळणारा. उन्हात लावला की करपून जायचा. त्याच्या चटया विणून तिच्या आईनं संसार केला आणि तिनंही केला. अक्कलकोटपर्यंतच्या बाळंतिणी तिच्या चटईवर निजत. पूर्वी हा लव्हाळा आणखी कितीतरी ओढ्यांना होता. एकेक राई तुटत गेली, तसा तोही गेला. आता ही एवढीच जागा उरली होती, आणि हे तिच्याशिवाय कुणाच्या गावीही नव्हतं.

त्यात बहात्तरचा दुष्काळ पडला. हिरवं दिसेल तिकडं गुरं धावू लागली. गंगम्मा दिवसभर राईत बसून म्हशी हाकलायची, आणि घरी आली की जिवाला घोर. ती गुराख्यांशी भांडली, त्यांच्या हातापाया पडली. सिद्धप्पा गुराखी म्हणाला, "अव्वा, म्हस मरायला लागल्यावर गवताकडं कोण बघतंय?" त्याचंही काही खोटं नव्हतं.

शेवटी तिनं डोकं लढवलं. ओढ्यातला गुळगुळीत दगड उचलला, त्याला शेंदूर फासला, भंडारा उधळला आणि लव्हाळ्याच्या मधोमध मांडला. गावात सांगितलं, "सपनात आई आली व्हती. हितं जनावर आलेलं खपायचं न्हाय म्हनली."

मात्रा बरोबर लागू पडली. म्हशी त्या वाटेला फिरकेनात. कितीतरी दिवसांनी गंगम्माला भाकरी गोड लागली.

पण देव मांडला की माणसं येणारच, हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं. रेवणप्पाच्या नातवाचा ताप उतरला. त्याच्या आईनं म्हणे लव्हाळ्याची काडी पोराच्या मनगटाला बांधली होती. झालं! सोलापुराहून, अक्कलकोटाहून बाया येऊ लागल्या. नारळ फोडायच्या, हात जोडायच्या आणि जाताना प्रसाद म्हणून काडी न्यायच्या. काडी चिवट, सहज तुटेना. मग मुळासकट उपटायच्या. म्हशी निदान मूळ तरी सोडत होत्या!

"काडी बेडा गं, काडी नको, अंगारा न्या, फूल न्या," गंगम्मा कळवळून सांगायची. बाया म्हणायच्या, पुजारीण लई कडक हाय. एका मंगळवारी भर गर्दीत तिचा धीर सुटला. ती ओरडली, "न्हाय गं हितं कुनी देवी! खोटं बोलले मी. दगड मीच मांडलाय!"

मग म्हाताऱ्या काशम्मानं पुढं होऊन तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "अंगात आलंय हिच्या. आई आपली परीक्षा बघतीया की."

त्या दिवशी दुप्पट काड्या गेल्या.

गर्दी पांगल्यावर गंगम्मा चिखलात बसून चाचपत राहिली. देवाला हलवायची छाती कुणाची झाली नव्हती, म्हणून दगडाखाली मुळाचा एक गड्डा तेवढा शिल्लक होता. तो पदराखाली झाकून तिनं घरी आणला. परसात रांजणाखाली कायम सावली असायची. रांजण पाझरायचा, त्या ओलीत तिनं गड्डा पुरला. घरात पाण्याचे हाल, तरी रांजण ती रिता होऊ द्यायची नाही. उठल्या उठल्या आधी तिथं वाकून बघायची. काहीच दिसायचं नाही. आपल्याच हातानं आईचा लव्हाळा बुडवला, या धास्तीनं तिचं अन्न तुटलं.

आणि एका सकाळी नखाएवढा हिरवा कोंब दिसला. गंगम्माला रडूच फुटलं. आज रांजण काठोकाठ भरायचा म्हणून ती घागर घेऊन विहिरीवर धावली.

परतली तर कोंबावर हळदकुंकू पडलेलं, पुढं उदबत्ती, आणि सून गौरम्मा डोळे मिटून उभी.

"आत्या, आई आपल्या घरी आली की वं!" गौरम्माचा चेहरा नुसता फुलला होता. "शेजारच्या बसम्माला सांगून आले. तिचं पोर तापानं फणफणलंय."

गंगम्मानं घागर तिथंच टाकली आणि धावत जाऊन दाराला कडी घातली. मग वाकून पदराच्या टोकानं कोंबावरचं कुंकू टिपू लागली. "गवत हाय गं ते," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "नुसतं गवत हाय."

बाहेरून बसम्मा दार वाजवत होती. तिच्या कडेवरचं पोर कण्हत होतं.