कौशल्याचा पाय

दर्यापूरच्या पुढं चार कोसांवर, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात पुंजाजी वानखडे यांचं गाव. तिथं कुणाचा हात निखळला, पाय मुरगळला, कंबरेत उसण भरली, की माणसं सरळ पुंजाजींच्या ओट्यावर येत. पुंजाजी मूळचे शेतकरी, काळ्या जमिनीचे धनी. हाडं बसवण्याची विद्या त्यांना मामाकडून मिळाली होती. डाळीतला खडा शोधावा तशी ते सुजेवरून बोटं फिरवत, "काहून गा, पऱ्हाटी कशी हाय यंदा?" असं कपाशीबद्दल विचारत आणि समोरचा उत्तर देत असतानाच हिसका देत. माणूस ओरडेपर्यंत हाड जागेवर गेलेलं असे. याचं ते कुणाकडून काहीच घेत नसत. घेतलं तर हाताचा गुण जातो, असं मामानं बजावलं होतं.

पन्नाशी आली तोवर त्यांच्या हातून एकही हाड चुकलं नव्हतं. निदान चुकलं असं कुणी येऊन सांगितलं नव्हतं.

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर शेजारच्या रामरावची बायको कौशल्या कापसाच्या बंडीवरून पडली. नाल्याच्या उतारावर बैल बुजले आणि चाक तिच्या नडगीवरून गेलं. रामरावानं आणि आणखी तिघांनी तिला बाजेवर घालून पुंजाजींच्या ओट्यावर आणलं. पुंजाजींनी फडकं बाजूला केलं. हाड कातडं फाडून बाहेर आलं होतं.

मामाचे शब्द त्यांना त्या क्षणी आठवले. हाड उघडं पडलं की ते आपलं काम नव्हे, हात लावू नको.

शाळेचे वामनराव मास्तर गर्दीत होते. ते म्हणाले, "इला दर्यापूरच्या दवाखान्यात नेलेलं बरं. बंडी जुंपा."

"दवाखान्यात काहून?" मागून कुणीतरी म्हणालं. "आमचे पुंजाजी मेले काय?"

चारजण हसले. रामराव हात जोडून समोर उभा होता. आता नाही कसं म्हणायचं? पुंजाजींनी गरम पाणी मागवलं, जखम धुतली, हाड आत बसवलं, वर हळद दाबली आणि बांबूच्या कामट्या लावून पाय करकचून बांधला.

दुसऱ्या दिवशी ते पाहायला गेले, तेव्हा कौशल्या घामानं भिजली होती. ती त्यांना मामाच म्हणे. "मामा, थोडं सैल करा ना. पाय जळून राह्यला."

"सैल केलं तं हाड सरकते, पोरी. दोन दिवस सोस."

तिसऱ्या दिवशी तिची बोटं गार पडली होती आणि निळसर दिसत होती. पुंजाजींनी ती हातात धरून चोळली. घरी येऊन ताटावर बसले आणि तसेच उठले. त्यांच्या बायकोनं, दुर्गाबाईनं विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काई नाई." चौथ्या दिवशी खोलीत शिरताच वास आला. मग मात्र त्यांनी स्वतः बंडी जुंपली. दर्यापूरच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि लगेच अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिघंही बसनं गेले. कौशल्या रामरावच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. पुंजाजी तिचा पाय धरून खाली बसले होते.

अमरावतीच्या डॉक्टरांनी पाय पाहिला तेव्हा रामराव दूध आणायला खाली गेला होता.

"कामट्या कोणी बांधल्या?"

"म्या."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं पुंजाजींना पुढं कितीदा तरी वाटलं. थकलेल्या आवाजात डॉक्टर म्हणाले, "आवळून बांधल्यामुळं रक्त पोहोचलं नाही. पाय सडला. पडली त्याच दिवशी आणली असती तर बहुतेक वाचला असता. आता गुडघ्याखालून काढावा लागेल, नाहीतर बाई जाईल."

रामराव पेला घेऊन वर आला. "काय म्हनते डाक्टर?"

पुंजाजींनी तोंड उघडलं. "विख पसरलं म्हनते," ते म्हणाले. "पाय काढा लागते."

बस, एवढंच. पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

महिन्यानं कौशल्या काखेत कुबडी घेऊन गावात आली. गावानं पुंजाजींना बोल लावला नाही. उलट लोक म्हणू लागले, "पुंजाजीनं हाड बसवलं होतं बरोबर, पन दवाखान्यात गेली अन् पाय कापला. तिथं तं करवतच घेऊन बसते." रामरावही तेच सांगे. हे ऐकलं की पुंजाजी उठून गोठ्यात जात. त्यांच्या ओट्यावरची गर्दी घटण्याऐवजी वाढली. पूर्वी फोडाला, तापाला, जुनाट खोकल्याला दर्यापूरची वाट धरणारी माणसंही आता पुंजाजींकडंच येऊन बसू लागली. "मले हाडाबिगर काई समजत नाई," असं ते हात जोडून सांगत, तर लोक हसत. केशवराव नावाचा एक जण दवाखाना टाळून पायाचं गळू अंगावर काढत राहिला आणि त्यातच गेला. त्याच्या मयतीला पुंजाजी सगळ्यांच्या मागं उभे राहिले.

अडीच वर्षं अशी गेली. साठ सालच्या उन्हाळ्यात शेषराव नावाचा गडी निंबावरून पडला. मांडी मोडली होती आणि जखमेतून हाड डोकावत होतं. बाज पुन्हा त्याच ओट्यावर आली. शेषरावची आई मैनाबाई पुढं होऊन म्हणाली, "पुंजाजीभाऊ, तुमीच पाहा. दवाखान्यात नाई नेत मी. कौशल्याचा पाय कापला त्याईनं."

पुंजाजींनी हात पुढं केला आणि मागं घेतला.

"मैनाबाई," ते म्हणाले, "कौशल्याचा पाय डाक्टरनं नाई तोडला. म्या तोडला."

कुणाला काही कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. हाड बाहेर दिसत होतं ते, मामानं बजावलेलं, गर्दीपुढं नाही म्हणवलं नाही ते, कौशल्या सैल करा म्हणत होती ते आणि डॉक्टर काय बोलले तेही. सांगताना त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही. "मुरगळलं, निखळलं तं माह्याकडं या. पन हाड उघडं पडलं, बोटं गार झाली, तं एक घडीही माह्या ओट्यावर थांबू नका. शेषरावले आत्ताच्या आत्ता न्या. मी येतो संगं."

मैनाबाईनं त्यांना शिव्या दिल्या. अडीच वर्षं लोकांना फसवलं म्हणून दिल्या, आणि पोराचा पाय आता धरत नाही म्हणूनही दिल्या. पण बंडी निघाली. शेषराव अमरावतीला अडीच महिने राहिला. पाय थोडा आखूड झाला आणि तो जन्मभर लंगडला, पण आपल्या पायांवर चालत शेतात गेला.

ओट्यावरच्या त्या गर्दीत रामरावही होता. तो तडक घरी गेला. "तुले मालूम होतं?" त्यानं बायकोला विचारलं.

"तिसऱ्याच दिवशी समजलं होतं मले."

"मंग बोलली काहून नाई?"

"बोलून पाय उगवला असता काय?" कौशल्या म्हणाली. "अन् बोलले असते तं तुमी त्याईच्या जिवावर उठले असते."

रामराव जिवावर उठला नाही. त्यानं पुंजाजींशी बोलणं टाकलं. धुऱ्याला धुरा, शेताच्या बांधाला बांध लागून होता, बैल रोज एकाच वाटेनं जात, पण रामराव मान फिरवून घेई. पुंजाजींनी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

गावातले निम्मे लोक त्यांच्याकडं यायचे थांबले. काही जण पलीकडच्या गावातल्या दुसऱ्या हाडवैदाकडं जाऊ लागले. तो कशालाच नाही म्हणत नसे. पुंजाजींचा स्वतःवरचा विश्वासही उडाला होता. साधी लचक पाहतानाही ते दहादा बोटं फिरवत आणि शेवटी म्हणत, "दर्यापूरले दाखवून ये बापा." लोक वैतागत. एवढ्याशा लचकेसाठी कामाचा अख्खा दिवस कोण मोडणार?

बासष्टच्या पोळ्याला कौशल्याची पोर, शालू, उडी मारताना पडली आणि तिचं मनगट वाकडं झालं. रामराव म्हणाला, "त्या घरी न्यायची नाई." तो बाहेर गेल्यावर कौशल्या कुबडी टेकत, पोरीला दुसऱ्या हातानं धरून, गल्ली ओलांडून आली. पाच वर्षांत ती या ओट्याची पायरी चढली नव्हती.

पुंजाजी उठून उभे राहिले. त्यांनी मनगट चाचपलं. हाड शाबूत होतं, सांधा तेवढा सरकला होता. बोटांना ते स्पष्ट कळत होतं, तरी ते म्हणाले, "दर्यापूरले ने इले. मले भरवसा नाई राह्यला."

"बोटं गरम हाये की नाई?"

"हाये."

"हाड बाहेर हाय काय?"

"नाई."

"मंग हे तुमचंच काम हाय, मामा," कौशल्या म्हणाली. "माह्या पायाचं काम तुमचं नोतं. बसवा."

पुंजाजींनी तेलात बोटं बुडवली. शालूला काय विचारावं ते त्यांना सुचेना. नुसतं तिच्याकडं पाहत त्यांनी हिसका दिला. पोर किंचाळली आणि आईच्या पदरात शिरली. मनगट सरळ झालं होतं. पुंजाजींनी फडकं बांधलं, सोडलं, पुन्हा सैलसर बांधलं. त्याखालून बोट जातं की नाही, ते घालून पाहिलं.

कौशल्या "येते" म्हणाली नाही. पोरीला पुढं घालून ती पायऱ्या उतरू लागली. एका पायरीवर कुबडी घसरली तसे पुंजाजी धावले, पण तोवर तिनं भिंत धरून स्वतःला सावरलं होतं.