उसवलेलं पोट आणि चेंदणीवाली

चेंदणीवाली कुणाच्या तोंडाकडे आधी बघतच नसे, पोटाकडे बघे. आमच्या ठाण्याच्या आळीत शिरली की दारादारांतल्या बायकांच्या निऱ्यांवरून तिची नजर फिरे. कुणाला कितवा महिना, कुणाचं पोट वाऱ्याचं आणि कुणाचं नुसतं आळसाचं, हे ती रस्त्यातच सांगून मोकळी होई. चेंदणीच्या कोळीवाड्यातली ही सुईण. तिचं नाव आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही, मीही नाही. माझी पहिली तिन्ही बाळंतपणं तिने केली, पण यायचं मागच्या दाराने आणि ती गेल्यावर खोली धुऊन काढायची, असा आमच्याकडचा शहाणपणा. राणीचं राज्य होतं, घरात इंग्रजी शिकलेले पुरुष होते, आणि तरीही हे.

बाळंतिणीचं पोट बांधावं ते तिनेच. जुन्या लुगड्याची मऊ पट्टी ओटीपोटापासून वर गुंडाळत न्यायची आणि शेवटी आपली दोन बोटं आत घालून बघायची. बोटं गेली नाहीत तर सगळं सोडून पुन्हा बांधायचं. तिची पाठ वळली की सासूबाई येऊन गाठ आवळायच्या. जितकं आवळाल तितकं पोट आत जातं, ही त्यांची विद्या. एकदा चेंदणीवालीने ते पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बायचं पोट हाय का तांदळाची गोण? आवळली नि झाली बारीक?" सासूबाईंनी आठ दिवस अबोला धरला. तिला त्याचं सुखदुःख नव्हतं.

तिसऱ्या बाळंतपणानंतर माझं पोट जागेवर आलंच नाही. मधोमध सैल पडलं आणि बेंबीपाशी लिंबाएवढा गोळा दिसू लागला. खोकले की वर येई, पोराला उचललं की जीव जाईल अशी कळ. यावर आळीने काय काय अक्कल पाजळली! एकीच्या मते मला पुन्हा दिवस गेले होते. दुसरीच्या मते सासरचं तूप अंगी लागलं होतं. आमच्या समोरच्या वकिलांची ढेरी त्यांच्या आधी उंबरठा ओलांडायची. तिला सगळे भारदस्त म्हणत. माझं पोट तेवढं सुटलेलं! आमचे हे कचेरीत कारकून. त्यांनी पंचांग पाहून सांगितलं, दोन महिन्यांनी ग्रह बदलतोय, पोटही उतरेल.

चेंदणीवालीने पंचांग पाहिलं नाही. मला उताणं निजवलं, मान उचलायला लावली आणि पोटाच्या मधोमध बोटं रोवली. तीन बोटं आत गेली. ती हसली नाही, तेव्हाच मी घाबरले.

"बाय, आतली शिवण उसवलीय. आतडं भायेर येतंय. एक दिस अडकलं की तू गेलीस."

"मग घट्ट बांध ना."

"उसवलेलं बांधून सांधतंय होय? शिवाया पायजे. सरकारी इस्पितळात साहेब शिवतो."

पोटं बांधण्यावर जिचं पोट, ती हे सांगत होती.

घरात कल्लोळ उसळला. इस्पितळात माणसाची चरबी काढून मलम करतात म्हणे! कापलेल्या बाईची कूस शिवली जाते, तिला पुन्हा मूल होत नाही. शिंक आली की टाके तटतटून सुटतात. परक्या पुरुषाने पोट बघायचं, ही तर सगळ्यांत मोठी आपत्ती. बायको मेली तर चालेल, पोट कुणी बघता कामा नये! मग एका दुपारी गोळा बाहेर आला तो आत जाईना. ओकाऱ्या सुरू झाल्या. चेंदणीवालीने माझे पाय उशांवर चढवले, पोटाला तेल लावलं आणि घटकाभर हलक्या हाताने दाबत दाबत तो आत सरकवला. "आज गेला. उद्या जायाचा नाय," एवढं ती ह्यांना म्हणाली. तीन पोरं कोण सांभाळणार, हा प्रश्न ह्यांना तेव्हा पहिल्यांदा सुचला आणि इस्पितळाला होकार मिळाला.

परपुरुषाची अडचण तिने कात्रीने सोडवली. जाड चादर माझ्या डोक्यापासून पायांपर्यंत पांघरली आणि बरोबर पोटावर गोल भोक कापलं. "साहेबाला तोंडाशी काय करायचंय?" इस्पितळात तीन माणसांनी तिला दाराबाहेर घालवायचा प्रयत्न केला, पण गुंगीचं औषध हुंगेपर्यंत माझा हात तिच्या हातात होता. साहेबाने आतलं उसवलेलं शिवलं आणि लोंबणारी कातडीही थोडी कापली.

महिन्याने मी घरी आले, तर बायका पोट बघायला रांगेने हजर. आडवा वीतभर वण पाहून त्यांचे चेहरे पडले. कापूनही सोळा वर्षांच्या पोरीसारखं झालं नाही, मग उपयोग काय? कंबर बारीक करून घ्यायला गेले होते ना मी! त्याहून कहर वकिलांनी केला. चेंदणीवालीला हळूच गाठून विचारलं, साहेब पुरुषांचंही करतो का. ती भर रस्त्यात म्हणाली, "साहेब उसवलेलं शिवतो, वकीलसाब. खाल्लेलं काढत नाय." त्या दिवसापासून वकिलांच्या घरचं काम तिला बंद झालं. मग एकेक करून इतरांनीही बंद केलं. बायका कापायला नेते, असं तिचं नाव झालं.

दोन वर्षांनी मला दिवस गेले. शिवलेली कूस आता उघडली कशी, हे कुणी विचारलं नाही. सासूबाईंनी देवीला केलेल्या नवसाचं ते फळ ठरलं. सुईण मात्र कल्याणहून नवी आणवली.

कळा सुरू झाल्या आणि मागच्या दारी ओळखीचा आवाज आला. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "मला आत नका घेऊ. त्या बाईला एवढं सांगा, जोर कराया लागली की टाक्यावर तळवा धरून ठेव. नि मागाहून पोट आवळू नका."

"तुझं इथे काही काम नाही," सासूबाई म्हणाल्या आणि कडी लावली.

मी पूर्ण शुद्धीवर होते. तिला आत घ्या, एवढंच म्हणायचं होतं. मी पदराचा बोळा तोंडात धरला होता, तो तसाच धरून ठेवला. निरोप नव्या सुईणीला कुणी दिला नाही, मीही नाही. जोर करताना मी आपलाच तळवा वणावर दाबला. टाका टिकला. मुलगी झाली, आज तिला नातवंडं आहेत.

चेंदणीवाली पुन्हा आमच्या दारी आली नाही. कोळीवाडा घरापासून चालत पाव तासावर. मी गेले नाही. आळीतल्या त्या अडाण्यांना मी जन्मभर नावं ठेवत आले. पण त्यांना काही कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं.