फूटनानांचं पाऊल

चौथीपर्यंतच शिकले. ऱ्हस्व-दीर्घ चुकत असेल आणि अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, ते सांभाळून घ्यावं. तशी ही वही मीच वाचणार. पण फूटनानांबद्दल तोंडाने कुणाला सांगायला जमलं नाही, म्हणून लिहिते.

नाना आमचे शेजारी. जागा मोजायला त्यांना टेप लागायचा नाही. अंगठ्याला टाच टेकवत चालायचे आणि आकडा सांगायचे. "टेप उन्हात वाढतो, माजा पाय नाय वाढत," म्हणायचे. म्हणून ते फूटनाना. पनवेलजवळच्या आमच्या गावात लग्नाचा मांडवही त्यांच्या पावलांनी आखला जायचा. आमच्या घराचा पायाही त्यांनीच आखला. माझ्या मालकांनी गंमत म्हणून टेप लावून पाहिला, तर बोटभर फरक निघाला नाही.

मालक गेले. मग नाना रोज सकाळी अंगणाच्या कडेला येऊन हाक मारायचे, "बाय, उठलीस का गं?" मी लाजरी. आतूनच भांडं वाजवायची. "वाजलं! हाय जित्ती," म्हणून ते हसत जायचे. त्या एका हाकेवर माझी अकरा वर्षं गेली.

लेक रोडपालीला राहते. तिच्याजवळ खोली घ्यायची म्हणून मी घर विकायला काढलं. आमच्या आणि नानांच्या घरांच्या मधे सासऱ्यांनी लावलेली शेराच्या झुडपांची वई, म्हणजे कुंपण होतं. नाना म्हणाले, "ही झाडांची वई बगून गिऱ्हाईक भाव पाडंल. तारेचं कंपाउंड घाल बाय, भाव वाढंल." मी हो म्हटलं. त्यांनी शेर तोडला, पावलांनी रेघ आखली, सिमेंटचे खांब रोवून घेतले. घर खरंच नव्यासारखं दिसू लागलं. मी सगळ्यांना चहा दिला, नानांना साखर जास्त घालून.

पावसाळा संपल्यावर खांदा कॉलनीतल्या एक बाई घर बघायला आल्या. कंपाउंड त्यांनाही आवडलं. मग घराच्या बाजूला त्यांनी टेप धरला. "मावशी, कागदापेक्षा इथे तीन फूट कमी भरतंय. मागे गाडी कशी न्यायची? आणि ती हिरवी रांग कसली?"

तारेच्या पलीकडे, नानांच्या बाजूला, शेराचे खुंट फुटले होते. सासऱ्यांची वई होती तिथेच, सरळ ओळीत. तार आणि खुंटांच्या मधल्या माझ्या जागेत नानांच्या भाडेकरूंच्या मोटारसायकली उभ्या होत्या.

बाई म्हणाल्या, भांडणातली जागा नको, तारेच्या आतलंच घेते. दोन लाख कमी केले. खोलीचा विसार देऊन झाला होता. मी विकलं.

मग नानांच्या दारात गेले. एवढंच बोलले, "नाना, शेर फुटलाय."

ते आपल्या पायांकडे बघत राहिले. "पाऊल चुकलं, बाय."

नानी आतून कडाडल्या, "चुकलं ते बरं आपल्याच अंगाला चुकलं! तिचं नुकसान कोन भरनार?"

"भरीन," नाना म्हणाले.

चार वेळा मिळून भरलं. तीनदा नानी आल्या. शेवटी नाना स्वतः रोडपालीला आले. दाराबाहेरूनच हाक आली, "बाय..." माझा हात भांड्याकडे गेला होता. तो मागे घेतला आणि दार उघडलं.

पिशवी पुढे करून ते म्हणाले, "मोजून घे."

नानांनी सांगितलेलं मी आजवर कधीच मोजून घेतलं नव्हतं. त्यांच्यासमोर बसले आणि एकेक नोट मोजली. पैसे पूर्ण होते.